केमिस्ट्री नोट्स

"तोंडानं पाणी मागत नाई ही पोरगी, पन लिवते पाय कशी."

काकू स्वयंपाकघरात माझ्या चुलत बहिणीला म्हणत होती. मी हात धुवायला मागच्या दारी गेले होते, तिथेच थांबले. बहीण म्हणाली, "हळू बोल ना आई. बाहेरच हाय ते."

माझं कुठलं लिहिणं, ते मला लगेच कळलं.

मी नोकरीला हैदराबादला गेल्यावर माझा शाळेपासूनचा लॅपटॉप बाबांनी जैनथकडच्या या काकांच्या घरी देऊन टाकला. मला नंतर फोनवर सांगितलं. "पडून होता. कुणाच्या तरी कामी येईल. फॉरमॅट करून दिलाय, तुझं काही राहिलं नाही त्यात." आदिलाबादच्या दुकानदाराने नवीन विंडोज टाकलं, म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसला. पण आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं, महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा. मी ठेवलं होतं. नववीपासूनची डायरीसुद्धा. घरात कुणी उघडू नये म्हणून त्या फोल्डरला नाव दिलं होतं 'केमिस्ट्री नोट्स'.

बहीण बीएस्सीला आहे. तिने सगळ्यात आधी तेच उघडलं असणार. इंग्रजी अडलं तिथे मोबाइलने मराठी करून दिलं असेल.

नववीत असताना आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा काकू महिनाभर आमच्याकडे राहिली होती. रोज दुपारी गरम डबा घेऊन शाळेच्या गेटवर उभी राहायची, नऊवारीत, डोक्यावर पदर. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ही? मी म्हटलं, आमची कामवाली. त्या दिवशी डायरीत हेही लिहिलं होतं की कुणालाच शंका आली नाही, आणि मला बरं वाटलं.

जेवायला बसलो. बाबा काकांना सांगत होते, "लोक जुन्या वस्तू भंगारात घालतात. माझं तसं नाही." काकूने माझ्या ताटात भाकरी वाढली.

"घे. कामवालीच्या हातची हाय. चालते ना तुले?"

बहिणीने मान खाली घातली. काका जेवत राहिले, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त बाबांना काही कळेना. काकूने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता. बाबा हसले. लहानपणापासून माझ्या वतीने बाबाच उत्तर देत आले आहेत.

"अहो वहिनी, शाळेत लिहायला लावतात असलं काहीतरी. निबंध असेल तो. हो ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मान हलवली असती तरी भागलं असतं. काकूनेही कदाचित ते धरून घेतलं असतं.

"निबंध नव्हता. मी तसं म्हटलं होतं," मी म्हणाले. "आणि बाबा, लॅपटॉप माझा होता. देताना तुम्ही मला विचारलं नाही."