डॉली झामितने न पाहिलेली मॅन्ली

डॉली झामितच्या खिडकीपुढे माणसांची रांग असायची आणि माझ्या खिडकीपुढे कबुतरं. असं का, या विचाराने मी दोन वर्षं स्वतःचं डोकं खाल्लं.

सर्क्युलर कीच्या धक्क्यावर पर्यटकांना माहिती देणारी आमची टपरी आहे. बिनपगारी काम, निळा शर्ट, दोन खिडक्या. मी लेस हॅड्रल, एकतीस वर्षं बंदरापलीकडच्या मॅन्ली किनाऱ्याच्या फेरीबोटीवर तिकिटं तपासलेला माणूस. कुठली बोट कुठून सुटते, तिकिटाचं कार्ड यंत्राला चढताना टेकवायचं आणि उतरतानाही, सगळं मला तोंडपाठ. आणि डॉली? एकोणिसाव्या वर्षी माल्टाहून जहाजाने आली आणि समुद्रापासून लांब, पेंडल हिलला, चाळीस वर्षं कोंबड्या पाळत राहिली. नवरा गेल्यावर कोंबड्या विकल्या आणि आमच्या टपरीत आली. लोक माझ्यासमोरून सरकून तिच्या रांगेत जायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"जाताना उजवीकडे बस हं, पोरी," ती सांगायची. "ऑपेरा हाऊस अगदी जवळून दिसतं. पुढे खुल्या समुद्राच्या तोंडाशी बोट डोलेल, घाबरायचं नाही, कठडा धरायचा. पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. आणि चिप्स झाकून खा, सीगल मेले हातातून पळवतात!"

सगळं बरोबर सांगायची, हेच माझं दुखणं होतं.

मार्चमध्ये आमची प्रमुख कर्स्टन म्हणाली, पुढच्या महिन्यापासून एकच खिडकी आणि एकच माणूस. कोण ते शुक्रवारी ठरवू. मला ती खिडकी हवी होती. घरी माझ्याशी बोलणारं कुणी नाही. इथे निदान स्वच्छतागृह कुठे आहे एवढं तरी कुणी विचारतं.

बुधवारी चहा पिताना मी सहज म्हटलं, "मॅन्लीला शेवटची कधी गेलीस गं?"

डॉलीने बिस्किट चहात बुडवलं. "कधीच नाही."

"काय सांगतेस!"

"अरे, इकडे येताना जहाजात महिनाभर उलट्या केल्या. तेव्हाच ठरवलं, परत म्हणून बोटीत पाय ठेवायचा नाही."

"मग लोकांना छातीठोकपणे सांगतेस ते?"

"लोक परत आले की थांबतात ना माझ्याशी. कुठे बसलात, काय बघितलं, विचारते. तेच पुढच्याला सांगते."

म्हणजे तिची अर्धी रांग परत आलेल्यांची होती. माझ्याकडे कधी कुणी परत आलं नव्हतं. चहा तसाच ठेवला. मी कर्स्टनला निरोप पाठवला: डॉलीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट शुक्रवारी सांगेन. तेवढ्यावरही भागेना. मला डॉलीची फजिती डोळ्यांनी बघायची होती.

"चल, आत्ताच जाऊ मॅन्लीला," मी म्हणालो. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण उठली.

ती उजवीकडे बसली, कठडा धरून, डोळे घट्ट मिटून. आता उलटी करेल, मग करेल, म्हणून मी टपून होतो.

"डावीकडे छोटंसं दीपगृह आलं का रे?" तिने विचारलं. आलं होतं. "आता डोलेल बघ." बोट डोलली. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि खळखळून हसली. "लेस, त्या कड्याखालच्या वाळूला काय म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी त्या बोटीवर तिकिटंच बघितली होती.

शुक्रवारी कर्स्टनने विचारलं, "काय सांगणार होतास डॉलीबद्दल?"

"तिने मॅन्लीची बोट कधी..." म्हणालो आणि अडकलो. बाहेर डॉली एका जोडप्याला सांगत होती, "परवाच जाऊन आले, आमच्या लेसने नेलं!"

माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. "काही नाही," मी म्हणालो. "खिडकी तिलाच दे."

शर्ट जमा करून निघालो, तर डॉलीने रांग थांबवून हाक मारली. "अरे लेस, परवा तू काय काय बघितलंस, ते सांगितलंच नाहीस!"

मी आठवून बघितलं. जाताना आणि येताना, अख्खा वेळ मी फक्त तिच्याच तोंडाकडे बघत बसलो होतो.