आईने वाटलेला आकडा

बोईसरच्या फ्लॅटला स्मार्ट लॉक बसवताना मी दोन्ही कुलपांची नीट तुलना केली होती. समुद्राकाठच्या दांडी गावातल्या आमच्या जुन्या घराचं पितळी कुलूप खाऱ्या हवेने सैल झालेलं. वाकवलेल्या तारेनेही उघडायचं. नव्याला सहा आकडे, म्हणजे दहा लाख शक्यता. दार ओढलं की आपोआप बंद. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, आई घरात एकटी. तिची साखर मधूनच उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. कुणी अनोळखी आत येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात.

पहिल्या पाळीहून आलो की मी आडवा होतो. एका दुपारी वाऱ्याने पडदा फुगत होता आणि माझी झोप त्याच्यासारखीच वर-खाली होत होती. दार उघडल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, ओट्यावर वाटी टेकली. झोपेत मी दांडीत होतो. शेजारची काकी कालवण ठेवून निघाली होती. डोळे उघडले तर समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण.

"अगंबाई, तुम्ही आहात होय दादा! मावशींना आमटी आणलेली."

ती गेल्यावर आईला विचारलं, "आकडा कुणाकुणाला सांगितलास?"

"हिला. न् खालच्या दोघींना. मासळीवालीला नाय सांगितला, ती लय बोलते."

"मग कुलूप कशाला लावलं मी?"

"आपल्यात किल्ली शेजारीच ठेवतात ना? तू किल्लीच नाय ठेवलीस, मग मी काय देणार?"

मी आकडा बदलला आणि कुणाला न सांगण्याचं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी आलो तर दाराच्या फटीत तिची चप्पल अडकवलेली, दार अर्धवट उघडं, आणि आई खुर्चीत शांत झोपलेली.

जागी झाल्यावर म्हणाली, "मी पडले तर तुझं कुलूप मला उचलंल काय?"

दहा लाखांत ही एक शक्यता मी धरलीच नव्हती.

संध्याकाळी शेजारणीच्या नावाने वेगळा आकडा तयार केला आणि तिला बोलावून सांगितला. तिने तो एकदा पुटपुटून पाहिला.

"आकड्याचं ठीक आहे दादा. पण मावशींना घाम फुटला तर द्यायचं काय, ते सांगा."

मी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा दाखवला.

"खाली ठेव तो," आई खुर्चीतून म्हणाली. "ती बुटकी हाय."

शेजारीण खळखळून हसली. मी डबा खाली काढला.