पाइपावरचे डबे

आमच्या रंगाच्या कारखान्याच्या चिमणीवर आज बगळा बसलेला दिसला. पूर्वी तिथं बसलेला बगळा कावळा होऊनच उडायचा. आता कारखान्याला लागणारी वाफ कोळशाऐवजी उन्हाच्या विजेवर तयार होते आणि तिच्यावर कॉम्प्युटर नजर ठेवतो.

त्या वाफेच्या पाइपाचं आवरण थोडं सोलून आम्ही त्यावर जेवणाचे डबे ठेवायचो. शिळी भाकरीसुद्धा माहेरी आल्यासारखी फुलायची. कॉम्प्युटरनं ही चोरी पकडली.

"इथली उष्णता रोज जाते कुठे?" नवी इंजिनिअर विचारत आली.

"आमच्या पोटात, ताई," बॉयलरवाले दत्तूमामा म्हणाले.

ती हसली, पण पाइप झाकून गेली.

कारखाना सुधारला हे खरंच. धुराबरोबर माझा जुना खोकलाही राजीनामा देऊन गेला. फक्त मामा गार भाजीवर अजून सवयीनं फुंकर घालतात, आणि आम्ही दुसरीकडे बघतो.