कोटाला कॉफीचा वास

...दुसरी घागर परसात टेकवली, भांडी राखेनं घासून पालथी घातली, आणि तेवढ्यात पुढच्या बाजूला फटफटी सुरू झाली. मी होते तिथेच थांबले. आवाज कोपऱ्यावरून वळून विरला, मगच हात पुन्हा कामाला लागले.

धाकटे दीर निघतात तेव्हा मी पुढे येत नाही. कुणी तसं सांगितलेलं नाही, सासूबाईसुद्धा नाही. पण विधवेचं तोंड बघून कुणी गाडीवर बसू नये, असं मीच धरलं आणि चार वर्षं मोडलं नाही.

गाडी मूळची यांची, माझ्या नवऱ्याची. आता भावजी तीच घेऊन गावोगाव तेलावर चालणारे पंप दुरुस्त करायला जातात. आज साक्कोट्टै, उद्या सुंदरपेरुमाळ कोयिल.

हे पडले ते तिरुविसनल्लूरच्या वाटेवर. सुगीचे दिवस, लोकांनी रस्त्यावरच भाताचा पेंढा पसरलेला, त्यावर चाक घसरलं. कोपर आणि गुडघा खरचटला, एवढंच. स्वतः गाडी चालवत घरी आले. मी जखमेवर हळद दाबली, आम्ही हसलोसुद्धा... नवव्या दिवशी जबडा आवळला. धनुर्वात.

डोक्याला मार नव्हता, हाड मोडलं नव्हतं. तळहाताएवढं कापड जाड असतं, तर... हा विचार अजून रोज कुठल्यातरी कामाच्या मधे येतो.

यांच्या पेटीत एक जुनं इंग्रजी मासिक आहे. इंग्रजी अक्षरं मी हे गेल्यावर, एकटीनंच जुळवत शिकले. त्यात फटफटीवर बसलेल्या एका गोऱ्या माणसाचं चित्र आहे, आणि त्याच्या कोटाला खांद्यांशी, कोपरांशी आतून गाद्या शिवलेल्या आहेत. अर्धं पान वाचायला मला तीन दुपारी लागल्या.

मग मी तसा कोट शिवला. जाड खाकी कापड, कोपरांना जुन्या गोधडीचे सहा पदर, मधे कुटलेला काथ्या. गुडघ्यांवर बांधायला दोन वेगळ्या गाद्या केल्या.

भावजींनी तो घालून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, राजाच्या मिरवणुकीतला शिपाई दिसतोय मी! आता फक्त हत्ती द्या."

पण घालून गेले. पुढच्या खोलीत खुंटीवर ठेवायचे, सकाळी चढवून निघायचे, संध्याकाळी अंगात घालूनच परत यायचे. पंधरा दिवस मला जरा बरी झोप लागली.

तर त्या सकाळी फटफटीचा आवाज विरल्यावर मी तो कोट धुवायला घेतला. त्या दिवशी भावजींना कामाला जायचं नव्हतं, फक्त कोपऱ्यापर्यंत कुणाला तरी सोडून लगेच परत येणार होते, म्हणून कोट खुंटीवरच होता. पाण्यात बुडवायच्या आधी सवयीनं नाकाशी धरला...

घामाचा वासच नाही. भर चैत्रातले पंधरा दिवस, आणि काखेत मिठाचा एक पांढरा डागसुद्धा नाही. वास होता कॉफीचा. ताज्या, कडक कॉफीचा.

कोपऱ्यावर कॉफी क्लब आहे, आमच्याकडचं कॉफीचं हॉटेल. म्हणजे कोट तिथपर्यंत जात होता आणि दिवसभर कॉफीच्या काढ्याच्या, डिकॉक्शनच्या भांड्यामागे लटकत होता. संध्याकाळी पुन्हा अंगात!

भावजी परत आले तेव्हा मी कोट हातात घेऊन उभी होते.

"क्लबात चांगला वाळतो का हो?"

ते आधी हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. "वहिनी, जीव उकडतो त्यात. आणि क्लबातले लोक विचारतात, घरी गादी उरली आहे का नाही म्हणून."

"हसू देत त्यांना."

"बरं, ते सोडा. घरातून पाय काढतानाच पडायची तयारी करायची? हा अपशकुन नाही?"

"कापडाचा कसला अपशकुन?"

"मग तुम्ही रोज मागं का लपता?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी कोट काढतो तो त्याच भीतीनं, ज्या भीतीनं तुम्ही परसात थांबता."

मी कोट तसाच बादलीत टाकला.

दिवसभर चित्त थाऱ्यावर नव्हतं. तांदूळ निवडले, पुन्हा निवडले. मासिक उघडलं, मिटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बस की एका जागी! मुंगी चावली का तुला?" बसले, आणि पुन्हा उठले.

भावजींचा राग नव्हता येत... मी मागं राहिले म्हणूनच तो कोट पंधरा दिवस क्लबात राहिला, हे खुपत होतं. मी दारात असते तर त्यांना मला तोंड द्यावं लागलं असतं.

आणि मग एक गोष्ट आठवली, जी मी चार वर्षं नीट आठवू दिली नव्हती. हे पडले त्या दिवशी सकाळी घरातून निघाले, तेव्हा मी दारातच होते. कपाळाला कुंकू, हातात पाण्याचा तांब्या, केसांत मोगरा. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि गाडी सुरू केली. सगळे शकुन जागच्या जागी होते.

फक्त कोपरावर मलमलीचा सदरा होता.

शकुनानं कातडी वाचत नाही, हे वाचणाऱ्या मैत्रिणींनो. एवढं साधं समजायला मला चार वर्षं लागली, आणि तेही दिरानं टोचल्यावर. त्यांचे उपकारच म्हणायचे.

संध्याकाळी मी कोटाच्या बगला उसवून तिथं वाऱ्यासाठी पातळ कापड लावलं. गाद्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटी सुरू व्हायच्या आधी मी पुढच्या दारात जाऊन उभी राहिले. भावजींच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, खाली बसून दोन्ही गुडघ्यांच्या गाद्या बांधल्या, आणि ते कॉफी क्लब ओलांडून पुढे जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.