मगदूम हवालदार जिता हाय

मी आधीच सांगते, खोटं बोलायची मला सवय न्हाय. ब्लाऊज मंगळवारी देते म्हणून शनिवारी देते ती गोष्ट वेगळी, तो धंदा झाला. पण शालनआक्काशी मी भाद्रपदापासनं दिवाळीपतुर रोज सकाळी खोटं बोलले. त्यात माझी चूक अर्धीच. उरलेली अर्धी त्या चॅनेलवाल्यांची.

शालनआक्का निपाणीत माझ्या समोरच्या दारात राहती. वय सदुसष्ट. जैनाघरची, नेमाची पक्की. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-लसूण घरात येत न्हाय. पायाखाली मुंगी दिसली तर उचललेलं पाऊल तसंच धरून एका पायावर उभी राहणार. आणि हीच बाई संध्याकाळी सातला टीव्हीम्होरं मांडी घालून एक खून बघितल्याबिगार उठायची न्हाय.

मालिकेचं नाव ‘सातवं ठाणं’. त्यात गोरेगोमटे इन्स्पेक्टर लई होते, पण आक्काचा जीव मगदूम हवालदारावर. त्यानं कधी कुणावर हात उचलला न्हाय. चोर असू दे न्हाईतर खुनी, त्याच्याम्होरं कप ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी च्या घे. खरं कुठं पळून चाललंय?" आक्काच्या मते अख्ख्या पोलीसखात्यात अहिंसा पाळणारा हा एकटाच.

मगदूम आडनाव आमच्याकडं जैनांत हाय, लिंगायतांत हाय, मराठ्यांतबी हाय. त्यामुळं हवालदार कुणाचा, यावरनं स्टँडवरच्या हॉटेलात वादावादी चालायची. माझा भाऊ साईराज बेळगावात टिळकवाडीला असतो. त्यानं मोबाईलवर चाहत्यांचा ग्रुप काढलेला. तिथं दुसरंच भांडण, हवालदार कर्नाटकातला का महाराष्ट्रातला. सत्तर वर्षं जे मोठमोठ्यास्नी सुटलं न्हाय, ते ही बिनकामाची पोरं जेवणाच्या सुट्टीत सोडवत होती.

मालिका संपली त्याच वर्षी आक्काचे मालक, धनपालअण्णा, गेले. दोघं मिळून बघायचे. अंथरुणावर पडल्या पडल्या अण्णा म्हणालेले, "बघ शालन, हवालदार वेगळी चूल मांडणार. त्याची एकट्याची मालिका येणार." तीन वर्षं आक्का त्या शब्दावर होती. आणि यंदा ज्येष्ठात खरंच जाहिरात आली: ‘मगदूम हवालदार’, दिवाळीनंतर! आक्का दारोदार सांगत फिरली, "ह्यांनी सांगितलंतं की."

आषाढात त्यांच्या देवळात, म्हंजे बस्तीत, एक माताजी, म्हंजे जैन साध्वी, चातुर्मासाला आल्या. त्यांच्याम्होरं प्रत्येकजण चार महिन्यांसाठी काहीतरी सोडतो. कुणी साखर सोडली, कुणी चप्पल. आक्कानं हात जोडले आणि टीव्ही सोडला. अख्खी सभा गार! घरी आल्यावर मला हळूच म्हणाली, "मालिका दिवाळीनंतर हाय गं. तवर टीव्हीत हाय काय बघायला?" पुण्यबी पदरात आणि हवालदारबी. मला तर त्या बाईचं कौतुक वाटलं.

पण चॅनेलवाल्यांना कुठला आलाय चातुर्मास! त्यांनी मालिका अलीकडं ओढली. गणेशचतुर्थीपासनं, रोज संध्याकाळी सात.

आक्काचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हटलं, "माताजींना सांगून दुसरा नेम घ्या की." तर माझ्यावरच उखडली, "नेम काय ब्लाऊज हाय व्हय, उसवून परत शिवायला?" तिसऱ्या दिवशी वाट सापडली. "नीलम, नेम बघायचा हाय, ऐकायचा न्हाय. तू बघ आणि सकाळी मला सांग."

चार भाग मी इमानदारीनं सांगितले. पाचव्या भागात मेल्यांनी हवालदाराला गोळी घातली. खल्लास! मालिकेला नाव त्याचं आणि पाचव्या दिवशी फोटोला हार. आता म्हणे त्याचा पोरगा रविराज हवालदार झाला. जीन घातलेला, डोळ्यावर काळा चष्मा, बोलायच्या आधी बुक्की. च्याचं नाव न्हाय. ग्रुपवर साईराजनं चाळीस वेळा ‘निषेध’ लिहिलं. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका मोबाईलवाल्यानं हवालदाराचं पोस्टर काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत लावलं, कारण खाली भिंतीला पोपडे होते. कर्नाटकवाले आणि महाराष्ट्रवाले पहिल्यांदाच एका तोंडानं शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बस्तीतनं आली आणि माझ्या पायरीवर बसली. त्यांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चाललेलं, रोज एका धर्मावर प्रवचन. आक्का एक वेळ जेवून होती, चेहरा उतरलेला. "आज सत्यधर्माचा दिवस," ती म्हणाली. "माताजी लई छान बोलल्या. हं, सांग. हवालदारानं काय केलं?"

"गोळी लागली, आक्का."

तिचा हात छातीवर गेला. ओठ पांढरे पडले. अण्णा गेले त्या सकाळी ही बाई अशीच दिसत होती, ते मला आठवलं आणि माझी जीभच वळली. "खांद्याला घासून गेली हो. दवाखान्यात हाय. नर्सला म्हणतोय, आधी च्या घे."

आक्का हसली. डोळ्यांत पाणी आणून हसली. झालं, मी अडकले.

तिथनं म्होरं मालिका मीच चालवली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना दम दिला, जी कोण आक्काला खरं सांगंल तिचं ब्लाऊज मी मापापेक्षा दोन बोटं घट्ट शिवणार. माझं माहेर जांबोटीकडं. हवालदाराला मी तिथल्या रानात पाठवला, बस चुकवून सहा मैल चालवला, चोरीला गेलेली म्हस हुडकायला लावली. खून बिन मला जमंनात. म्हशीचा चोर च्या पिऊन रडला आणि म्हस परत देऊन गेला. आक्का म्हणाली, "पयल्यापेक्षा ही मालिका लई चांगली काढलीय बघ."

पर्व संपल्यावर त्यांची क्षमावाणी असती. त्या दिवशी एकमेकांची माफी मागायची. आक्का माझ्या दारात हात जोडून उभी राहिली. "कळत-नकळत माझं काय चुकलं असंल तर क्षमा कर, नीलम." जी मला कधी वाकडा शब्द बोलली न्हाय ती माझी माफी मागत होती, आणि माझ्या पोटात अख्खा हवालदार! सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आणि ती म्हस दूध देती का न्हाय मग?"

"देती," मी म्हटलं.

दिवाळीला बस्तीत देवाला निर्वाणलाडू चढला, चातुर्मास संपला, आक्काचा नेम पुरा झाला. संध्याकाळी तिनं ठेवणीतली इरकल नेसली, अण्णांचा फोटो पुसून टीव्हीशेजारी मांडला आणि मला हाक मारली. मी डोकं दुखतंय म्हणून बघितलं. "लावून दे गं तेवढं," म्हणाली.

सात वाजले. चष्मेवाला रविराज आला आणि आल्या आल्या एकाला भिंतीवर आपटला.

"ह्यो कोण?"

"पोरगा. हवालदाराचा."

"आणि हवालदार?"

टीव्हीतच दिसलं. ठाण्याच्या भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार. शेजारी अण्णांचा फोटो, त्यालाबी तसलाच हार. आक्कानं एकदा तिकडं बघितलं, एकदा हिकडं. मग स्वतः उठून बटण बंद केलं.

"आक्का, चुकलं माझं," मी रडायलाच लागले. "तो पाचव्या दिवशीच गेला. मला तुमाला सांगवलं न्हाय. क्षमा करा."

आक्कानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "क्षमा भाद्रपदात मागायची असती. मी दारात आलते तवा तोंड का शिवलंतंस? आता म्होरल्या भाद्रपदापतुर थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी माताजी विहाराला, म्हंजे पायी म्होरल्या गावाला, निघायच्या आधी आक्का बस्तीत जाऊन आली. येऊन नेहमीसारखी पायरीवर बसली. वर्षभरासाठी टीव्ही सोडला म्हणाली.

"हं," ती म्हणाली. "सांग. हवालदारानं काय केलं?"

"आक्का, आता तुमाला ठावं हाय की सगळं."

"मला एवढंच ठावं हाय, त्याची एकट्याची मालिका येणार असं ह्यांनी सांगितलंतं."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, "काल हवालदार जांबोटीला उतरला, आणि बघतो तर म्हस परत गायब."