सांगून जा

"सांगून जा," असं ती प्रत्येक आईला म्हणायची आणि चौकटीला हात लावून उभी राहायची, म्हणजे कुणाला गुपचूप सटकता येऊ नये.

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या घोडियाघरात ती बेन होती. पाळणाघराला गुजरातीत घोडियाघर म्हणतात. ती मुलं सांभाळायची. माझ्याकडे झाडपूस, खिचडी आणि मुलांची ढुंगणं धुणं. चौथी शिकलेल्या बाईला याहून दुसरं काय देणार? वयाने ती माझ्या मुलीएवढी, जळगावकडची, पण सुरतेत वाढलेली. दिसायला काही खास नाही. आवाज घोगरा. मुलांचे पापे घेताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मूल रडायला लागलं की आपण काय करतो ते तुम्हालाही माहीत आहे. तो बघ काऊ, ती बघ भूभू. तोवर आई पसार. मी माझी चारही अशीच वाढवली. बेनला ते चालत नसे. ती रडणाऱ्या मुलाजवळ फरशीवर बसायची आणि म्हणायची, "आई गेली म्हणून राग आलाय ना? रड तू. मी बसलेय." आणि खरंच बसून राहायची.

एकदा मी म्हटलं, "बेन, तुम्हाला गप्प करायला ठेवलंय, रडवायला नाही."

"गप्प तर घाबरूनही बसतात, मावशी," ती म्हणाली.

खुशी अडीच वर्षांची. तिची आई उधन्याच्या एका कारखान्यात साड्यांना लेस लावायची. पोरगी रोज दारात आईच्या पायांना मिठी मारायची आणि आईला उशीर व्हायचा. एका सकाळी आई रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "मावशी, आज उशीर झाला तर सेठ कायमचं घरी बसवणार. काहीतरी करा ना."

बेन आत एका बाळाचे कपडे बदलत होती. मी खुशीला कडेवर घेतलं. "चल, बकरी बघू. आई इथंच आहे." आई निघून गेली.

परत आलो तर दार रिकामं. खुशीने दारामागे पाहिलं, चपलांच्या मांडणीमागे पाहिलं, चादर उचलून पाहिली. मग किंचाळली आणि तिचा श्वासच कोंडला. ओठ निळे पडले. मी तोंडावर पाणी मारायला धावले. बेनने मला बाजूला सारलं, पोरीला कुशीवर निजवलं, डोक्याखाली हात धरला. थोड्या वेळाने श्वास आला.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. बेन म्हणाली, "मावशी, तुम्ही खोटं बोललात. ते तिला सांगा."

"अडीच वर्षांच्या पोरीला?"

"मग कुणाला? मला?"

साठी उलटलेली बाई मी. नवऱ्याचीसुद्धा कधी माफी मागितली नव्हती. गुडघे धरत खाली बसले. म्हटलं, "खुशी, मी खोटं बोलले. आई कामावर गेलीय. तू जेवून झोपून उठलीस की येईल."

पोरगी माझ्याकडे बघेना. बेनच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत राहिली. बेन मला एवढंच म्हणाली, "खिचडी करपतेय."

पुढे तिने खुशीच्या आईला पंधरा मिनिटं आधी यायला लावलं. दारात रडारड व्हायचीच, पण आई सांगून जायची आणि सांगितल्या वेळेला यायची. काही आठवड्यांनी पोरगी हात हलवून निरोप द्यायला लागली. आईचं काम टिकलं.

दिवाळीच्या सुट्टीत बारडोलीला बेनच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. बेन तिकडे गेली ती तिथलीच झाली. फोनवर म्हणाली, "मुलांना तुम्ही सांगा, मावशी."

सुट्टी संपली. खुशी चपला काढून सरळ आत गेली. मोरीत डोकावली, स्वयंपाकाच्या खोलीत डोकावली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बेन?"

'उद्या येईल' हे जिभेवर आलंच होतं. मी म्हटलं, "बेन आता येणार नाही."

तिने माझा हात धरला आणि कडकडून चावा घेतला. मी हात काढून घेतला नाही.