परदेशी पाहुण्याचा फॉर्म

"चायनीज माणूस लिफ्टने वर जाणार नाही. आधी फॉर्म."

सोसायटीचा सेक्रेटरी मला मराठीत म्हणाला. पुण्याचा, आयटीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. अप्पा, माझे वडील, वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसले होते. वय ऐंशीच्या पुढे.

अप्पांचे वडील चीनमधून आले. अप्पा जन्मले बेंगळुरूतच, चाळीस वर्षं इथल्याच लोकांच्या कवळ्या बनवल्या. नागरिकत्व मिळालं नाही. बासष्टच्या युद्धानंतर पोलीस ठाण्यात हजेरी. शहराबाहेर जायला परवानगी लागायची. त्यांचा भाऊ म्हैसूरला वारला तेव्हा परवानगी तिसऱ्या दिवशी आली. तोवर त्याला पुरलं होतं.

माझा चेहरा आईवर गेला. आई इथल्याच चिकपेट भागातल्या जुन्या मराठी घरातली. तिचंच आडनाव लावून मी शिकलो, नोकरी केली, एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट घेतला. आई गेली म्हणून अप्पांना कायमचं घेऊन आलो होतो.

"कोण हे तुमचे?" सेक्रेटरीने विचारलं. लिफ्टपाशी चार शेजारी उभे होते.

"आईच्या ओळखीचे," मी म्हणालो.

अप्पा आईशी जन्मभर मराठीतच बोलले. त्यांना सगळं कळलं.

"मग ठीक. मला वाटलं, सर, तुमची सासुरवाडी बीजिंगची की काय."

शेजारी हसले. मीही हसलो.

फॉर्मवर नात्यापुढे मी 'परिचित' लिहिलं. मग त्याने हमीपत्र पुढे केलं. पाहुणा बागेत फिरणार नाही, क्लबहाउसमध्ये जाणार नाही, सात दिवसांत निघेल.

अप्पा उठले. "द्या सर, मी करतो सही. स्वल्प, जरा पेन द्या. सवय आहे मला."

मुलापेक्षा लहान माणसाला सर. कमरेत वाकून.

मी त्यांच्या हातून पेन ओढून घेतलं. 'परिचित' खोडलं. 'वडील' लिहिलं. हमीपत्र कोरंच परत दिलं.

"वडील? मग मघाशी काय बोललात?"

"खोटं बोललो. हे इथंच राहतील."

वर आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "आता कशाला सांगितलंस? मघाचं सोयीचं होतं की तुला."

मी त्यांची बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विषय एकच, अप्पांनी इथं राहायचं की नाही. परदेशी माणूस घरी राहिला की पोलिसांना द्यायचा फॉर्म मी स्वतः नेऊन दिला. कायदा आहे, पाळला. हमीपत्र हा कायदा नाही. सेक्रेटरीने निरोप धाडला, समजुतीने घ्या. पन्नास वर्षं मी समजुतीनेच घेतलं, आणि प्रत्येक वेळी मान अप्पांची खाली गेली.

अप्पा मीटिंगला येत नाही म्हणतात. मी जाणार. त्यांनी मला माफ केलेलं नाही, आणि मी ते मागणारही नाही. मतदान घ्या, पाणी तोडा, कोर्टात खेचा. माझे वडील माझ्या घरातून जाणार नाहीत.